खिशात मावणारे गणित

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र घ्यायला पालक मुलाला आमच्या सरकारी रुग्णालयात आणतात, तेव्हा बहुतेकांचा चेहरा अपराध्यासारखा असतो. मुलगा बोलायला चुणचुणीत, पण वहीत काही उतरत नाही. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, कधी कॅल्क्युलेटर वापरण्याची मुभा, एवढ्यासाठी सगळी पायपीट. अशा आईवडिलांना मी विल्यम ह्यूलेट यांची गोष्ट सांगतो. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर ज्यांचे आडनाव रोज वाचले, तेच हे ह्यूलेट.

जन्म २० मे १९१३, अमेरिकेतल्या मिशिगनमधला. वडील डॉ. अल्बियन वॉल्टर ह्यूलेट वैद्यकाचे प्राध्यापक. पुढे ते स्टॅनफर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले आणि कुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. १९२५ मध्ये मेंदूतल्या गाठीने वडील गेले. बिल तेव्हा बारा वर्षांचा होता.

त्याला डिस्लेक्सिया होता, पण त्या काळी असे निदान फारसे होत नसे. मुलगा मठ्ठ ठरायचा आणि विषय संपायचा. वर्गात टिपणे काढणे बिलला जमत नसे. मग तो ऐकायचा, ऐकलेले मनातल्या मनात लावून ठेवायचा. गणित आणि विज्ञान त्यामुळे चांगले झाले, बाकी प्रगतिपुस्तक बेताचेच. त्याला स्टॅनफर्डला जायचे होते. मुख्याध्यापकांना शिफारस करण्याजोगे काही दिसेना. मग कळले की वडीलही याच गुरुजींचे विद्यार्थी, आणि तेही अव्वल. त्या पुण्याईवर प्रवेश मिळाला. ज्यांचे वडील असे नावाजलेले नव्हते, त्या मुलांचे काय झाले असेल, हा प्रश्न मला दर वेळी छळतो.

स्टॅनफर्डला डेव्हिड पॅकार्ड हा मित्र भेटला. १९३९ मध्ये पालो आल्टोतल्या एका गॅरेजात ५३८ डॉलरच्या भांडवलावर दोघांनी कंपनी काढली. कोणाचे नाव आधी, हे नाणे उडवून ठरले. पुढचा कंपनीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो.

१९६८ मध्ये कंपनीचा टेबलावरचा कॅल्क्युलेटर आला. वजन सुमारे १८ किलो! ह्यूलेट यांना तो आवडला, पण आता हेच शर्टाच्या खिशात मावले पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला. एवढ्या महाग यंत्राला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे बाजाराच्या पाहणीत निघाले. त्यांनी ते बाजूला ठेवले. अभियंत्यांनी म्हणे त्यांच्या खिशाचे माप घेतले होते. एरवी आतली यंत्रणा आधी ठरायची आणि पेटी तिच्याभोवती बसवली जायची. इथे उलटे झाले. पेटी आधी ठरली: लांबी साधारण पावणेपंधरा सेंटिमीटर, रुंदी आठ, वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. बाजू खाली आत वळवल्या, म्हणजे हातात बारीक वाटावी. बटणांवरची अक्षरे वापरून पुसली जाऊ नयेत म्हणून ती दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकमध्ये आरपार ओतली. आता या एवढ्याशा जागेत बसवा, असे आतल्या मंडळींना सांगितले गेले.

१९७२ मध्ये ३९५ डॉलरला एचपी-३५ बाजारात आले. ३५ बटणे, म्हणून हे नाव. साइन, लॉगरिदम सगळे बोटावर. अभियंत्यांच्या कमरेची स्लाइड रूल काही वर्षांतच गेली. वाचता-लिहिताना अडखळलेल्या मुलाच्या मनात हा हट्ट तिथूनच आला का? डॉक्टर म्हणून असा थेट संबंध जोडायला मी धजत नाही, पण मनात येतेच.

१२ जानेवारी २००१ रोजी हृदय निकामी होऊन ते गेले. वडिलांच्या नावाचा पुरस्कार स्टॅनफर्डचा वैद्यक विभाग आजही डॉक्टरांना देतो.

त्यांचे ते यंत्र संग्राहक अजून शोधतात. पहिल्या पेट्यांत चालू-बंद कळीच्या उजवीकडे एक बारीक भोक होते. यंत्र चालू केले की त्यातून लाल ठिपका दिसे. नंतर ते भोक गेले. कंपनीची दुसरी मॉडेले आल्यावर दर्शनी पट्टीवर ३५ हा आकडा आला. लाल ठिपक्याच्या पेटीला मान जास्त, पण त्या काळातल्या यंत्रांत एक दोष होता. २.०२ चा नैसर्गिक लॉगरिदम काढून लगेच उलटा हिशेब केला, तर उत्तर पुन्हा २.०२ यायला हवे. यायचे नुसते २. दोष कळला तेव्हा सुमारे २५ हजार यंत्रे विकली गेली होती. कंपनीने तो लपवला नाही, गिऱ्हाइकांना कळवून दुरुस्ती देऊ केली. त्यामुळे आज जुन्या पेटीत आतला भाग नवा असू शकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. जाणकार संग्राहक म्हणून पेटी हातात घेतली की आधी २.०२ दाबून पाहतो.