वर्ध्याचा विद्यार्थी, मेक्सिकोचा मका

बारावीचा निकाल लागला की घाटंजीच्या घराघरांत एकच विषय निघतो. पुढे शिकायला कुठे जायचे? कोणी यवतमाळला जातो, कोणी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, कोणी पुण्याला. अलीकडे परदेशाचेही नाव निघते. खर्च किती आणि नोकरी कोणती, एवढाच हिशेब त्यात बहुतेक वेळा असतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच कापूसपट्ट्यातून, शेजारच्या वर्ध्याहून, एक मुलगा वेगळाच हिशेब मनात धरून परदेशी गेला होता. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचा जन्म १८८०च्या दशकातला. ते शाळेत जात होते त्या काळात, १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० साली, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडले. अन्नाविना आणि त्यापाठोपाठ आलेल्या रोगांनी असंख्य माणसे गेली. त्याच वर्षांत लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुण भारले जात होते. इंग्रजांना हुसकावून लावायचे तर शस्त्रविद्या हवी, आणि ती शिकायला देशाबाहेर जायला हवे, असे या तरुणाच्या मनाने घेतले. १९०५-०६च्या सुमारास त्याने बोटीने देश सोडला. जपान गाठले आणि तिथून अमेरिका.

कॅलिफोर्नियात त्यांनी एका लष्करी शाळेत शिक्षण घेतले. मग ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टन राज्यात शेतीशास्त्राचा अभ्यास केला. एका हाताला बंदूक, दुसऱ्या हाताला बियाणे असे हे विलक्षण शिक्षण होते. घरून पैसे येण्याची सोय नव्हती, त्यामुळे पडेल ते काम करून शिकायचे.

या काळात पुस्तकाबाहेरचेही बरेच शिकून झाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा हजारो पंजाबी मजूर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत राबत होते. सप्टेंबर १९०७मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने भारतीय गिरणी कामगारांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर काढले. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या देशातही माणसाची किंमत त्याच्या कातडीवरून ठरते, हे त्या काळात तिथे शिकणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला रोज दिसत होते. खानखोजे या मजुरांमध्ये मिसळले. १९१३ साली जो गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या उभारणीत लाला हरदयाळ आणि पंडित काशीराम यांच्याबरोबर त्यांचाही हात होता.

त्याच मजुरांच्या रांगेत मेक्सिकन माणसेही होती. १९१०मध्ये त्यांच्या देशात क्रांती पेटली होती, आणि तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. मूठभर जमीनदारांकडे अफाट रान, आणि कसणाऱ्याच्या घरात दाणा नाही. विदर्भातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागले नाही.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा खानखोजे पश्चिम आशियात उतरले. इराणमध्ये ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्ध संपले, पण भारताचे दार बंदच राहिले. परतले असते तर तुरुंग अटळ होता. युरोपात काही वर्षे काढून १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले. लढाईचा मार्ग खुंटला होता, शेतीशास्त्र मात्र सोबत होते.

मेक्सिको शहराजवळ चापिंगो येथे राष्ट्रीय कृषी शाळा नुकतीच स्थलांतरित झाली होती. ज्या जागेवर पूर्वी जमीनदाराचा वाडा आणि जहागीर होती, तिथेच आता शेतकऱ्यांची मुले शिकणार होती. खानखोजे तिथे प्राध्यापक झाले. मका, गहू, कडधान्ये आणि रबर यांवर त्यांनी संशोधन केले. कोरड्या हवेत आणि थंडीच्या कडाक्यात तग धरतील असे वाण मिळवणे, हा त्यांचा मुख्य ध्यास होता.

मक्याचेच उदाहरण घेऊ. मक्याच्या ताटाच्या शेंड्याला तुरा असतो, त्यातून परागकण पडतात. खाली कणसाला जे रेशमी केस येतात, त्यातला प्रत्येक केस एकेका दाण्यापर्यंत पोहोचतो. केसावर पराग पडला तरच त्या ठिकाणी दाणा भरतो. संशोधक कणसाला पिशवी बांधतो, वाऱ्यावर येणारा पराग अडवतो आणि आपण निवडलेल्या ताटाचा पराग हाताने घालतो. मग पुढच्या हंगामात पेरणी, निवड, पुन्हा पेरणी. पावसाने दगा दिला तरी जे ताट उभे राहिले, त्याचेच बी पुढे न्यायचे. या कामाला हुशारीइतकीच चिकाटी लागते, कारण निसर्ग वर्षाला एखाददुसरा हंगामच उत्तर देतो.

मक्याचा जन्मच मेक्सिकोतला. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी तेओसिंते नावाच्या रानगवतातून तो घडवला. या गवताला बोटभर लांबीचे कणीस आणि त्यात मोजके, कठीण कवचाचे दाणे असतात. खानखोजे यांनी मका आणि तेओसिंते यांच्या संकरावर काम केले. पिकात हरवलेला काटकपणा रानातल्या नातलगाकडून परत मिळवण्याची ही वाट आजही शास्त्रज्ञ चोखाळतात.

त्या शेतकऱ्यांकडे आणखी एक शहाणपण होते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच त्याची भाकरी करतात. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला नीट मिळत नाही, चुन्यामुळे ते मोकळे होते. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला. या रोगात कातडी सोलते, जुलाब होतात आणि मनाचा तोलही जातो. अडाणी म्हणून ज्यांना हिणवले, त्यांच्या चुलीवर विज्ञान शिजत होते.

म्हणूनच खानखोजे यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग मला प्रयोगशाळेबाहेरचा वाटतो. १९२०च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभ्या केल्या. सुधारित बियाणे आणि त्यामागचे ज्ञान कसणाऱ्याच्या हाती द्यायचे, एवढा साधा उद्देश होता. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत एक भित्तिचित्र काढले आहे. जेवणाच्या टेबलाभोवती कष्टकरी बसले आहेत, आणि त्यांच्यासाठी भाकरी मोडणारा माणूस खानखोजे यांच्या चेहऱ्याचा आहे.

१९३६मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंडिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४९ साली ते शेतीविषयक सल्ल्यासाठी भारतात आले, तेव्हा इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे त्यांना विमानतळावरच अडवून ठेवण्यात आले. ज्या देशासाठी आयुष्य वणवण केली, त्याच्या दारात हे स्वागत! पुढे १९५५मध्ये ते कायमचे परतले, नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६मध्ये, भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. त्या वाणांचे श्रेय नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. पण मेक्सिकोच्या मातीत गव्हा-मक्यावर घाम गाळलेला एक वैदर्भीय शास्त्रज्ञ तेव्हा नागपुरात होता, हे किती जणांना ठाऊक होते?

आज मेक्सिकोत चापिंगोला त्यांचा पुतळा आहे. आपल्या भागात त्यांचे नाव मोजक्यांनाच माहीत. यवतमाळ जिल्हा देशाला ठाऊक आहे तो शेतकरी आत्महत्यांमुळे. घाटंजीतला कोरडवाहू शेतकरी आजही मृगाच्या आधी उधारीवर बियाण्याची पाकिटे आणतो, आणि पाऊस दडी मारला की दुबार पेरणीसाठी पुन्हा दुकानाची पायरी चढतो. पाकिटात काय आहे आणि आपल्या रानाला काय झेपेल, हे त्याला बांधावर येऊन सांगणारी शाळा मात्र सहसा भेटत नाही. यंदा घाटंजीहून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी खर्चाचा आणि नोकरीचा हिशेब जरूर करावा. त्यात हा एक रकाना आणखी जोडावा, एवढेच.