तंतूंच्या अंतरंगाचा शोधक : विल्यम आस्टबरी

दिवाळीनंतर अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या जिनाबाहेर उभें राहिलें असतां कापसाच्या गाड्यांची रांग दृष्टीस पडते. कापसाची पारख करणारा जाणता मनुष्य चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतो आणि तंतु किती लांब व किती चिवट हें पाहतो. परंतु ताणलेल्या तंतूच्या आंत काय घडतें, हा प्रश्न आपणांपैकीं फार थोड्यांस पडतो. ज्या शास्त्रज्ञानें हाच प्रश्न आपल्या आयुष्याचें कार्य मानला, त्याचें चरित्र वऱ्हाडांतील मुलांनीं अवश्य वाचावें असें मला वाटतें.

विल्यम थॉमस आस्टबरी यांचा जन्म इ. स. १८९८ मध्यें इंग्लंडांतील लाँग्टन ह्या गांवीं झाला. चिनी मातीच्या भांड्यांसाठीं तो भाग प्रसिद्ध आहे, आणि आस्टबरी यांचे वडील तेंच काम करीत. घरीं सात भावंडें. मुलगाही भांडींच घडवीत बसावयाचा. परंतु शाळेंत त्यास शिष्यवृत्ति मिळाली, आणि पुढें दुसऱ्या शिष्यवृत्तीनें केंब्रिजच्या जीझस कॉलेजाचें दार उघडलें. मध्यंतरीं पहिल्या महायुद्धामुळें १९१७ सालीं लष्कराच्या वैद्यकीय पथकांत जावें लागलें. १९२१ सालीं पदवी घेऊन ते सर विल्यम ब्रॅग यांच्या हाताखालीं काम करूं लागले. ह्याच ब्रॅग यांस त्यांच्या पुत्रासह १९१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें होतें.

ब्रॅग पितापुत्रांची रीति समजून घ्यावयाची असेल, तर विद्यार्थ्यांनीं रात्रीं दूरच्या लहानशा दिव्याकडे तलम मलमलीच्या रुमालांतून पाहावें. एका दिव्याच्या जागीं अनेक ठिपके व्यवस्थित मांडलेले दिसतात. वीण जितकी बारीक, तितके ठिपके एकमेकांपासून दूर. म्हणजे ठिपके मोजून न पाहिलेल्या विणीचा हिशेब करितां येतो. ह्यास विवर्तन म्हणतात. अणूंमधील अंतर इतकें सूक्ष्म कीं, तेथें साधा प्रकाश निरुपयोगी. त्या ठिकाणीं क्ष-किरण लागतात. स्फटिकांतून गेलेले क्ष-किरण फोटोच्या कांचेवर ठिपके उमटवितात आणि त्यांवरून अणूंची मांडणी शोधावयाची असते. काम गणिताचें, चिकाटीचें आणि पुष्कळसें तर्काचें.

मिठाचा किंवा हिऱ्याचा स्फटिक कोठें आणि मेंढीची लोकर कोठें ! पण १९२८ सालीं आस्टबरी लीड्स येथें गेले, तें शहर लोकरीच्या गिरण्यांचें होतें आणि त्यांस विद्यापीठांत नेमणूक मिळाली ती वस्त्रतंतूंच्या भौतिकशास्त्रासाठींच. तंतूंचे ठिपके अस्पष्ट आणि पसरट येतात. तरीही त्यांतून त्यांनीं एक अपूर्व गोष्ट वाचून काढली. केस वाफेंत धरून ताणला तर जवळजवळ दुप्पट लांब होतो, आणि सोडला कीं पुन्हां आखडतो. आस्टबरी यांस दिसलें कीं, ताणलेल्या व न ताणलेल्या केसाचीं चित्रें अगदीं निराळीं आहेत. त्यांवरून त्यांनीं अनुमान काढलें कीं, प्रथिनाचा रेणु म्हणजे एक लांब सांखळी असून ती केसांत दुमडलेली असते, आणि ताणल्यावर उलगडते. दुमड नेमकी कशी ह्याविषयींचा त्यांचा तर्क पुढें चुकीचा ठरला. १९५१ सालीं अमेरिकेंत पॉलिंग यांनीं ती मळसूत्रासारखी असल्याचें दाखविलें. तथापि सांखळी दुमडते आणि उलगडते हें मूळ सत्य आस्टबरी यांचेंच.

ह्याच विचारांतून एक गमतीची गोष्ट निघाली. प्रथिनाची सांखळी उलगडून तिचे धागे काढितां येत असतील, तर आपल्या शेतांतील भुईमुगाच्या दाण्यांचें कापड कां होऊं नये ? तें खरोखरच झालें. ‘आर्डिल’ नांवाचा तो धागा एका मोठ्या कंपनीनें कांहीं वर्षें विकला, आणि स्वतः आस्टबरी दाण्यांचा कोट अंगांत घालून मिरवीत ! व्यापारांत मात्र तो टिकला नाहीं.

आतां ह्या चरित्रांतील सर्वांत हृदयाला चटका लावणारा भाग. १९३८ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंतील फ्लॉरेन्स बेल ह्या तरुण विदुषीनें डी.एन.ए.चीं चित्रें घेतलीं. आनुवंशिकतेचें बीज ह्याच द्रव्यांत आहे, हें तेव्हां सिद्ध झालेलें नव्हतें. त्या चित्रांवरून दोघांनीं सांगितलें कीं, ह्या रेणूंत चपटे घटक नाण्यांच्या चळतीप्रमाणें एकावर एक रचलेले आहेत. ते इतके पातळ कीं, एका मिलिमीटरांत सुमारें ३० लक्ष थर मावतील. हें माप आजही बरोबर मानलें जातें. १९४१ सालीं बेल यांस युद्धसेवेसाठीं जावें लागलें व त्या प्रयोगशाळेंत परतल्या नाहींत. अशा स्त्रियांचीं नांवें आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाहींत, म्हणून तें येथें मुद्दाम लिहिलें.

पुढें १९५१ सालीं त्यांचे सहायक एल्विन बायटन यांनीं डी.एन.ए.चें आणखी एक चित्र घेतलें. त्यांत ठिपक्यांची फुली स्पष्ट होती; फुली म्हणजे मळसूत्राची खूण. आस्टबरी यांनीं तें पाहिलें आणि बाजूस ठेविलें. दुसऱ्याच वर्षीं लंडन येथें रोझलिंड फ्रँकलिन व गॉसलिंग यांच्या हातीं तशीच फुली आली, आणि १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं दुहेरी मळसूत्राची रचना जगापुढें मांडली. आस्टबरी यांस ती कां दिसली नाहीं ? दुमडणाऱ्या सांखळीची कल्पना त्यांच्या मनांत फार खोल रुजली असावी, असा माझा तर्क आहे. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना मलाही असा अनुभव येतो. मनांत एक उत्तर धरून बसलें कीं, समोर लिहिलेलें दुसरें डोळ्यांस दिसतच नाहीं.

संगीताचे, विशेषतः मोझार्टचे, ते मोठे भक्त होते व स्वतः व्हायोलिन वाजवीत. १९६१ सालीं जून महिन्यांत ते वारले. लीड्स विद्यापीठांत सजीवांतील रेणूंच्या रचनेचा अभ्यास करणारें जें केंद्र आहे, त्यास आस्टबरी यांचेंच नांव दिलेलें आहे.