अग्निबाणाचे गणित मांडणारा शिक्षक : त्सिओल्कोव्स्की

कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी रशियातील रियाझान प्रांतातल्या इझेव्स्कोये या गावी झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास लोहितांग ज्वराने त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ हिरावून घेतली. तेराव्या वर्षी मातृछत्र हरपले. बहिरेपणामुळे शाळाही सुटली.

सोळाव्या वर्षी वडिलांनी त्यांना मॉस्कोला धाडले. कोरड्या पावावर दिवस काढून, उरलेले पैसे पुस्तकांवर व प्रयोगांवर खर्चून त्यांनी ग्रंथालयात बसून गणित आणि पदार्थविज्ञान आत्मसात केले. पुढे शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी आधी बोरोव्स्क व १८९२ पासून कलुगा येथे अध्यापन केले.

१९०३ साली त्यांचा अवकाशप्रवासावरील निबंध प्रसिद्ध झाला. अग्निबाण किती वेग गाठेल हे दोन गोष्टींवर ठरते, असे त्यांनी सिद्ध केले: वायू मागे फेकला जाण्याचा वेग आणि इंधनासह व इंधनाविना असलेल्या वजनांचे गुणोत्तर. हे गुणोत्तर १० असेल व वायूचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर असेल, तर अग्निबाण सुमारे ६.९ किलोमीटरचा वेग गाठतो. पृथ्वीभोवती फिरण्यास तो अपुरा आहे. वायूचा वेग ४.४ झाला, तर तेच गुणोत्तर १० किलोमीटरच्या पुढे नेते. इंधन वाढवत नेण्यापेक्षा त्याचा कस वाढवणे अधिक फलदायी, हे यातून उमगते. म्हणूनच त्यांनी द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन सुचवले.

आज हा कस सेकंदांत मोजतात. एक किलो इंधन-मिश्रण एक किलो वजनाइतका रेटा किती सेकंद देऊ शकेल, हे ते माप होय. विमानाचे जेट इंजिन हवेतूनच ऑक्सिजन घेत असल्याने त्याचे माप हजारो सेकंद भरते. ऑक्सिजन सोबत वाहणाऱ्या अग्निबाणाला ते भाग्य नाही. २०२३ साली चांद्रयान-३ ला नेणाऱ्या प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्यात हायड्रोजन-ऑक्सिजनचेच इंजिन होते. त्याचे माप सुमारे ४४० सेकंद.

१९ सप्टेंबर १९३५ रोजी कलुगा येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतः एकही अग्निबाण उडवला नाही. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेला.

स्वतःच स्वतःचा दीप होण्याची तथागतांची शिकवण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. वर्गाचे दार बंद झाल्यावर ग्रंथालयाचे दार ठोठावणारा हा शिक्षक, त्या शिकवणीचे दूरदेशीचे उदाहरण म्हणून आम्हांस वंदनीय वाटतो.