समुद्राची ठेव

१९५५ साली आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशाला, तापीकाठी, उत्खनन चालले होते, तेव्हा शिकारीपुरा रंगनाथ राव गुजरातेत लोथल उकरत होते. निवृत्तीनंतर माणसे पेन्शन मोजतात. आम्ही बँकवाले तर दोनदा मोजतो! राव मात्र गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आले आणि पाण्याखालची द्वारका धुंडाळू लागले.

समुद्राची ठेव विचित्र. बाहेर काढली की घटते. वस्तू वाळली की आत मुरलेल्या मिठाचे स्फटिक तिला फोडतात. म्हणून ती महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात ठेवायची, पाणी बदलत राहायचे. रावांनी उभारलेल्या विभागाने पुढे गोव्याच्या सुंची खडकाजवळ बुडालेल्या १७व्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे हस्तिदंत वर काढले, तेव्हा किनाऱ्यावर हीच शुश्रूषा वाट पाहत होती. राव २०१३ साली गेले.