चिंध्यांचे वस्त्र

गेल्या फेब्रुवारीत गाडगेबाबांच्या जयंतीनिमित्त आपल्या महाविद्यालयात नाटिका बसवायचे ठरले आणि बाबांचा पोशाख करण्याचे काम माझ्याकडे आले. आम्ही भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहतो. जवळच्याच दुकानातून मी चार रंगांचे नवे कापड आणले आणि त्याचे तुकडे करू लागले. आजीने ते पाहिले मात्र, माझ्या हातची कात्री काढून घेतली. ती मूर्तिजापूरकडची. चिंध्यांसाठी कोरे कापड फाडायचे, आणि तेही गाडगेबाबांच्या नावाने! मी खजील झाले. पुढचे तीन दिवस शिंप्याकडची कात्रणे आणि शेजारणींकडचे जुने अभ्रे गोळा करीत फिरले. टाके घालता घालता बाबांचे चरित्र मला नव्याने दिसू लागले.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. म्हणजे कापडाशी नाते जन्माचेच. पण ते कापड दुसऱ्याचे, धुऊन परत करायचे! दारूने वडील अकाली नेले. दापुऱ्याला मामांकडे गुरे राखण्यात, शेतीत दिवस गेले. सावकारी पाशात मामांची जमीन गेली. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. 1 फेब्रुवारी 1905 रोजी घर सोडले.

त्यानंतरची त्यांची मूर्ती आपल्या ओळखीची आहे. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा. फुटके गाडगे उन्हात डोक्यावर टोपी होई, भुकेच्या वेळी ताटली होई. लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत. चित्रांतून ही ठिगळे पुष्कळदा सुबक चौकोनी, मापाने बेतल्यासारखी दाखवतात, ते मला खटकते. चिंधी मापाची मिळत नाही. जी मिळेल तिला दुसरी जोडावी लागते.

आणि ती कोणाची, हे कोण सांगणार? ज्या काळी शिवाशिवीने माणसे वेगळी काढली जात, त्या काळी या परटाच्या मुलाने साऱ्या गावाने टाकलेले कापड एका दोऱ्यात शिवून अंगावर घातले. वैराग्य तर त्यात होतेच, पण मला त्यात भांडणही दिसते. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला त्याची अंधश्रद्धा, व्यसने, अस्पृश्यता दाखवायची, हा त्यांचा क्रम होता.

लोकांनी त्यांच्यापुढे पैसा ओतला. त्यातून पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट झाला, नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वाधीन केली. अंगावर मात्र शेवटपर्यंत चिंध्याच. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ बाबांनीही देह ठेवला.

नाटिका बरी झाली. पोशाखाचा एक खांदा मात्र प्रयोगात उसवला. माझा धावदोरा कच्चा. आजीने तो पोशाख धुऊन उकलला, खाली जुने लुगडे घातले आणि पक्के टाके मारले. सध्या त्या गोधडीवर माझा धाकटा भाऊ झोपतो.