तबकडीचे जनक एमिल बर्लिनर

आपल्यापैकी पुष्कळांनी मुंबई सोडताना जुन्या गाण्यांच्या तबकड्या कपड्यांच्या घड्यांत जपून आणल्या. परंतु ही सपाट तबकडी ज्यांनी जगाला दिली ते गृहस्थ यहुदी होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

एमिल बर्लिनर यांचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी झाला. घरात भावंडे पुष्कळ, त्यामुळे चौदाव्या वर्षीच शाळा सुटली. १८७० साली त्यांनी मायदेश सोडून अमेरिकेची वाट धरली. वॉशिंग्टनला ते कापडाच्या दुकानात नोकरीस लागले. पुढे न्यूयॉर्कला दिवसा पडेल ते काम व रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यास, असा क्रम चालला. १८७७ साली त्यांनी टेलिफोनसाठी सुधारलेला मायक्रोफोन तयार केला आणि बेल कंपनीने त्यांना आपल्याकडे घेतले.

त्याच वर्षी एडिसन यांचा फोनोग्राफ निघाला होता. त्यात आवाज नळकांड्यावर उमटे व सुई वरखाली चाले. एका नळकांड्यावरून पुष्कळ प्रती काढणे मात्र फार कठीण होते. बर्लिनर यांनी १८८७ साली सपाट तबकडीचे पेटंट घेतले. सुई खाचेत डावीउजवीकडे हलू लागली. मेणाचा पातळ थर दिलेल्या जस्ताच्या तबकडीवर आवाज कोरायचा, आम्लाने खाच पाडायची, मग तिच्यावरून धातूचा साचा करून हव्या तितक्या प्रती छापायच्या, अशी ती युक्ती होती. आरंभी प्रती कडक रबराच्या असत. पुढे लाखेच्या झाल्या. ही लाख आपल्या हिंदुस्थानातील पळस, कुसुंब, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित करणारे फ्रेड गैसबर्गही बर्लिनर यांच्याच हाताखाली तयार झाले होते.

१८९८ साली त्यांनी भाऊ जोसेफ यांच्यासह हॅनोव्हरला कारखाना काढला. परंतु १९०० साली कोर्टकचेरीमुळे अमेरिकेत स्वतःचाच ग्रामोफोन विकण्याची त्यांना बंदी झाली! ते खचले नाहीत. कॅनडात माँट्रियलला त्यांनी धंदा चालू ठेवला. लहान मुलीच्या आजारानंतर, बालकांना निर्जंतुक केलेले दूध मिळावे म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

ज्यांच्या घरी तबकड्या आहेत त्यांना आमची शिक्षकी सूचना: यंत्र पाणसळ लावून सपाट ठेवावे. सुईचा भार तिच्या कारखानदाराने सांगितला असेल तितकाच द्यावा. आजच्या पुष्कळ सुयांना तो दीड ते दोन ग्रॅम असतो. भार जास्त झाला तर खाच झिजते. फार कमी झाला तर सुई उड्या मारते आणि त्यानेही खाच बिघडते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची खाच रुंद असते, तिला एल.पी.ची बारीक सुई लावू नये, रुंद टोकाची निराळी घ्यावी. लावण्यापूर्वी तबकडी मऊ ब्रशाने पुसावी व ठेवताना उभी ठेवावी.

एवढे केले तर आईवडिलांच्या काळची गाणी नातवंडांनाही स्वच्छ ऐकू येतील. ती ऐकवताना बर्लिनर यांचे नावही त्यांना अवश्य सांगावे.