सौभद्रकार अण्णासाहेब

चोर्ल्याचा घाट उतरला की साखळी आणि डिचोली लागते. बेळगावकडची पुष्कळशी देवघेव याच वाटेने गोव्यात गेली. तीत एक नाटकही होते. ‘संगीत सौभद्र’ लिहिणारे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले. जन्म 1843 साली गुर्लहोसूरचा. घरात मराठी, गावात कानडी. शिक्षणासाठी पुण्यास गेले, पण ओढ नाटकमंडळ्यांची. पुढे त्यांनी बेळगावात शिक्षकी केली, मग सरकारी कचेरीत कारकुनी.

त्यापूर्वीच्या मराठी नाटकांत सूत्रधार गाई आणि पात्रे बहुधा आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. अण्णासाहेबांनी पात्रांच्याच तोंडी पदे घातली. पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी ‘शाकुंतल’ रंगले आणि 1882 च्या नोव्हेंबरात ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक झाले. उरलेले पुढल्या वर्षी आले. भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले. पदे शंभरावर, पण चाली कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांतल्या, कित्येक तर कानडी मुलखातल्या. म्हणून ती लोकांच्या ओठी चटकन बसली. कथा महाभारतातली खरी, पण बलराम थोरल्या भावासारखा रागावतो आणि कृष्ण घरच्यांना लाडीगोडीने फसवितो, हे कोणत्याही घरात घडणारे!

विलायतेत गिल्बर्ट-सलिव्हन यांची संगीत नाटके याच काळातली. तेथे डॉयली कार्ट कंपनीने 1961 पर्यंत हक्क हाती ठेवले आणि प्रयोगाची ठरलेली रीत जपली. ‘सौभद्रा’च्या नशिबी असा राखणदार नव्हता. मंगेशीचे दीनानाथ 1914 साली किर्लोस्कर मंडळीत गेले, तेव्हा अण्णासाहेबांना जाऊन जवळजवळ तीस वर्षे झाली होती. गोव्यातील हौशी मंडळींनी देवळाच्या मंडपात हे नाटक आपलेसे केले. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस आले; तोवर देवळे पाडण्याचा काळ सरला होता. त्यामुळे देवळे राहिली, जत्रा राहिल्या, आणि जत्रेतले मराठी नाटकही. पेडण्याच्या प्रेक्षकाला दशावतारामुळे रात्रभर बसून पौराणिक खेळ पाहण्याची सवय होतीच.

पुनरुज्जीवनाचा खरा पेच मात्र वेगळा आहे. रात्रभराचे नाटक तीन तासांत बसवायचे, तर पदे गाळावीच लागतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण उरलेल्या पदांवर तानांचा वर्षाव होतो आणि सुभद्रा गात असताना अर्जुन ताटकळत उभा राहतो, ही रीत पुढल्या काळातील रागदारीची. अण्णासाहेबांचे पद म्हणजे संवादच. ते संपले की बोलणे पुढे सरकते. प्रस्तुत लेखकाच्या मते एक तान कमी घ्यावी, पण रुक्मिणी-सुभद्रेचे बोलणे कापू नये.

‘रामराज्यवियोग’ हे त्यांचे तिसरे संगीत नाटक. त्याचे तीनच अंक लिहून झाले. 2 नोव्हेंबर 1885 रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, गुर्लहोसूर येथेच ते वारले.